१९६८ची जीटीओ: ४०० घन इंचांच्या इंजिनाला कार्बोरेटर शोधताना ठेवलेल्या नोंदी

गाडी १९६८ची पॉन्टियॅक जीटीओ. इंजिन ४०० घन इंच, म्हणजे साधारण साडेसहा लिटर. गिअरबॉक्स टर्बो ४०० ऑटोमॅटिक, मागच्या एक्सलचं गिअर गुणोत्तर ३.२३. आमचं घर डेट्रॉइटच्या उत्तरेला आहे. पॉन्टियॅकचा मुख्य कारखाना ज्या शहरात होता, ते इथून अर्ध्या तासावर. ऑक्टोबर २०२३मध्ये गाडी घेतली तेव्हा मूळच्या बिडाच्या मॅनिफोल्डवर (सिलिंडरांकडे हवा-पेट्रोल नेणाऱ्या नळ्यांवर) अ‍ॅडॉप्टर प्लेट टाकून त्यावर ८५० सीएफएमचा (मिनिटाला ८५० घनफूट हवा देणारा) होली कंपनीचा डबल पंपर कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, बसवलेला होता. मोठं इंजिन म्हणजे मोठा कार्बोरेटर, असं आधीच्या मालकाला वाटायचं. मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

असं इंजिन ज्याच्या हाती येईल त्याचे दोन महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय. चुका जशा झाल्या तशाच लिहिल्यात, खर्चही डॉलरमध्ये दिलाय.

६ एप्रिल २०२४, शनिवार

आधी काय काय होतंय ते कागदावर काढलं. सकाळी चालू केली की काळा धूर, गॅरेजमध्ये डोळे चुरचुरतात. सिग्नलवरून निघताना पेडल हळू दाबलं तर ठीक. पटकन दाबलं की गाडी क्षणभर मेल्यासारखी बसते आणि मग एकदम उसळी घेते. आठही प्लग काजळीने काळे. टाकी फुल ते फुल मोजलं तर गॅलनला ८ मैल, म्हणजे लिटरला साडेतीन किलोमीटरसुद्धा नाही.

मॅनिफोल्डला व्हॅक्यूम गेज (इंजिनाची ओढ पाऱ्याच्या इंचांत मोजणारा) लावला. ड्राइव्हमध्ये टाकून, ब्रेक दाबून, आयडलिंगला १० इंच, आणि काटा सारखा थरथरतोय. धड असलेल्या ४००ला १५च्या आसपास तरी दिसायला हवेत.

मग हिशोब. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकारमानाएवढी हवा ओढतं, आणि एका घनफुटात १७२८ घन इंच असतात. म्हणून घन इंच गुणिले आरपीएम, भागिले ३४५६. माझं इंजिन ५०००च्या वर फार काही देत नाही. ४०० गुणिले ५००० भागिले ३४५६ म्हणजे ५७९. सिलिंडर काही काठोकाठ भरत नाहीत. रस्त्यावरच्या इंजिनाला ८५ टक्के धरले तर ४९२ सीएफएम. एवढीच याची भूक, आणि वर ८५०चा बसलाय.

त्याहून महत्त्वाचा दुसरा हिशोब. ताशी ६५ मैलांना हे इंजिन २६००च्या आसपास फिरतं आणि पेडल जेमतेम दाबलेलं असतं. तेव्हा त्याला शंभरेक सीएफएम हवा पुरते. गाडीचं जवळजवळ सगळं आयुष्य या शंभरात जातं आणि त्या वेळी फक्त पुढची दोन तोंडं, म्हणजे प्रायमरी, काम करतात. ८५०च्या व्हेंच्युरीची, म्हणजे आतल्या अरुंद गळ्याची, मापं चारही तोंडांना १ पूर्णांक ९/१६ इंच. म्हणजे दोन प्रायमरी मिळून पावणेचार चौरस इंचांच्या थोडं वर. एवढ्या रुंद बोगद्यातून शंभर सीएफएम हवा सावकाश फिरत जाते, आणि सावकाश जाणारी हवा जेटमधून (पेट्रोलच्या बारीक छिद्रातून) पेट्रोल ओढत नाही. पेडल दाबल्यावर गाडी का बसते हे मला इथेच कळायला हवं होतं. पण कळेपर्यंत मे उजाडला.

१३ एप्रिल

बाबांना व्हिडिओ कॉल केला. मिरजेत त्यांचं गॅरेज होतं, पद्मिनी आणि अँबॅसेडर यायच्या. पद्मिनीचं अख्खं इंजिन १०८९ सीसीचं. माझ्या गाडीचा एक सिलिंडर सव्वाआठशे सीसीच्या जवळ जातो, हे ऐकून ते जरा गप्प झाले. मग म्हणाले, "पॉइंट बघितलास का?"

"नाही बाबा, कार्बोरेटरचंच आहे हे. काळा धूर येतोय."

"काळा धूर तुला दिसतोय म्हणून कार्बोरेटर. करंट दिसत नाही म्हणून त्याच्याकडे कोणी बघत नाही. आधी पॉइंट, मग टायमिंग, मग कार्बोरेटरला हात लाव."

त्यांच्या सांगण्यावरून डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्लगना करंट वाटणारा भाग, उघडला. पॉइंट (ठिणगीचा करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) खड्डे पडलेले, ड्वेल, म्हणजे ते मिटून राहण्याचा कोन, २२ अंश, असायला हवा ३०. आतली वजनं वाळलेल्या ग्रीसमध्ये चिकटून बसलेली, त्यामुळे रेस वाढली तरी टायमिंग (पिस्टन वर पोचण्याआधी किती अंशांवर ठिणगी पडते ते) पुढे जातच नव्हतं. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सच्या डबीला नळी लावून तोंडाने ओढलं तर हवा सरळ आरपार येत होती, आतला पडदा फाटलेला. टायमिंग लाइट लावला तर सुरुवातीचं टायमिंग फक्त २ अंश.

लाइटवर विश्वास ठेवण्याआधी पहिल्या प्लगच्या भोकातून पिस्टन स्टॉप (पिस्टनला अडवणारा दांडा) घालून पुलीवरची शून्याची खूण खरी आहे का ते बघितलं. जुन्या पुलीचं बाहेरचं कडं रबरावर सरकतं आणि मग सगळी मोजणी खोटी पडते. माझं सरकलेलं नव्हतं.

पॉइंट, कंडेन्सर, कॅप, रोटर, व्हॅक्यूम डबी, प्लग: ९४ डॉलर. सुरुवातीला १० अंश, ३००० आरपीएमला एकूण ३४. संध्याकाळी गाडी फिरवली तर अर्ध्या तक्रारी गेल्या होत्या. धूर कमी, इंजिन कमी तापतंय. कार्बोरेटरला अजून पानाही लावला नव्हता. ज्याला कार्बोरेटर बदलायचाय त्याने हा शनिवार आधी खर्च करावाच, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

२० एप्रिल

व्हॅक्यूम १२, काटा अजून थरथरतोय. कुठूनतरी हवा ओढतेय. न पेटवलेल्या प्रोपेन टॉर्चला रबरी नळी लावली आणि चालू इंजिनावर मॅनिफोल्डच्या कडांवरून फिरवली. अ‍ॅडॉप्टर प्लेटच्या मागच्या डाव्या कोपऱ्याशी नळी आली आणि इंजिनाची रेस आपोआप वाढली. सापडलं. (हे करताना गॅरेजचं दार उघडं ठेवा, जवळ ठिणगी नको.)

प्लेट काढली. मूळ मॅनिफोल्ड क्वाड्राजेटसाठी, म्हणजे या गाडीच्या मूळ कार्बोरेटरसाठी, आहे. पुढची भोकं लहान, मागची मोठी. होलीची चारही भोकं सारखी. प्लेटच्या आत आरसा धरून बघितलं तर होलीच्या १ पूर्णांक ३/४ इंची भोकाखाली मॅनिफोल्डचं लहान भोक येत होतं आणि मध्ये धारदार पायरी. वरून ओघळलेलं पेट्रोल त्या पायरीवर साचून तपकिरी डाग पडलेला. नवं पॅकिंग टाकलं, प्लेट काचेवर एमरी पेपर ठेवून घासून सपाट केली. आता व्हॅक्यूम १५ आणि काटा जागेवर. पायरी मात्र तशीच आहे, तिला पॅकिंगचा इलाज नाही.

४ आणि ५ मे, ११ मे

तीन दिवस ८५०ला समजावण्यात गेले. माझा सगळ्यात मोठा वेळ इथे वाया गेला, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट बरोबर केली. कार्बोरेटर उलटा करून ट्रान्सफर स्लॉट, म्हणजे पेट्रोलची बारीक फट, बघितला. बटरफ्लाय (पेडलने उघडणारी झडप) बंद असताना त्या फटीचा चौकोनी ठिपका दिसायला हवा. माझी लांबलचक उघडी दिसत होती. टायमिंग मागे असताना इंजिन बंद पडू नये म्हणून कोणीतरी आयडल स्क्रू आत आत पिळत नेला होता, म्हणूनच मिक्श्चरचे स्क्रू फिरवून काही फरक पडत नव्हता. टायमिंग नीट झाल्यावर स्क्रू मागे घेता आला आणि मिक्श्चर ऐकायला लागलं.

दुसरी गोष्ट चुकली. प्रायमरी जेट चार नंबर खाली घेतले आणि त्याच वेळी पेडल दाबल्यावर पेट्रोलची पिचकारी मारणाऱ्या पंपाचा नोझल ३१चा ३७ केला. (हे आकडे हजारांश इंचात असतात, ३१ म्हणजे ०.०३१.) गाडी बसायची ती कमी बसायला लागली, पण आता सरळ रस्त्यावर मिसिंग. कशाने काय झालं ते कळेना, कारण बदल दोन आणि परीक्षा एकच. पुन्हा सगळं मूळ जागी आणून एकेक बदलत गेलो. होलीत प्रत्येक वेळी फ्लोट चेंबरचे (तरंगत्या फ्लोटने पेट्रोलची पातळी राखणाऱ्या कप्प्याचे) चार स्क्रू सोडायचे, आतलं पेट्रोल तापलेल्या मॅनिफोल्डवर सांडू नये म्हणून खाली डबा धरायचा, पॅकिंग फाटलं तर नवं टाकायचं. जेट, नोझल, पॅकिंगं मिळून ७१ डॉलर, आणि एका दुकानातून चुकीच्या मॉडेलचं पॅकिंग हातात पडलं म्हणून आणखी अर्धा दिवस.

शेवटी ११ तारखेला दुपारी मान्य केलं. पंपाची पिचकारी मोठी केली की निघतानाचा तो एक क्षण झाकला जातो, पण व्हेंच्युरीतून हवा पेट्रोल ओढत नाही हे मूळ दुखणं तसंच राहतं. कार्बोरेटर खराब नव्हता. साडेसहा-सात हजार फिरणाऱ्या, क्लचच्या, शर्यतीच्या इंजिनावर तो उत्तम चालेल. माझ्या इंजिनाचं आणि त्याचं जमणारं नव्हतं.

१८ मे

पलीकडच्या घरातल्या आजोबांनी त्यांच्या फळीवर पडलेला एडलब्रॉक १४०६ वापरून बघायला दिला. ६०० सीएफएम, इलेक्ट्रिक चोक (थंड इंजिनासाठी हवा कमी करणारी, विजेवर उघडणारी झडप). ते निवृत्त मेकॅनिक आहेत, आणि त्यांनी एकच अट घातली: "मोजून सांग. कसं वाटलं ते नको सांगूस."

बसवला, चालू केला, आणि वरच्या नळीतून पेट्रोल बाहेर. ओव्हरफ्लो. आधी मी फ्लोटला दोष दिला, उघडून मापलं, फ्लोट बरोबर ७/१६ इंचावर. मग आजोबांनी पेट्रोल लाइनमध्ये प्रेशर गेज लावायला सांगितलं. साडेसात पीएसआय! या कार्बोरेटरला साडेसहाच्या वर नको, साडेपाच उत्तम. आधीच्या मालकाने होलीसाठी जोरदार पंप टाकलेला होता. मूळ प्रेशरचा साधा मेकॅनिकल पंप ३८ डॉलरला आणला, ओव्हरफ्लो थांबला. कार्बोरेटर बदलण्याआधी पंपाचं प्रेशर मोजा. मी ते पहिल्या दिवशी मोजायला हवं होतं.

आणि मग गाडी चालली. सिग्नलवरून पेडल कसंही दाबा, कुठे अडखळणं नाही. बाजारात जाऊन येईपर्यंत मी दोनदा उगाच लांबच्या रस्त्याने गेलो.

आता आजोबांची मोजणी. व्हॅक्यूम गेजची नळी लांब करून गाडीत आणली, रिकाम्या रस्त्यावर पेडल तळापर्यंत, ५००० आरपीएम. काटा १.२ इंचांवर. हा आकडा कळीचा आहे, म्हणून थोडं थांबतो. चार तोंडांच्या कार्बोरेटरचा सीएफएम दीड इंच व्हॅक्यूमवर मोजलेला असतो. पूर्ण पेडलला मॅनिफोल्डमध्ये दीड इंचांपेक्षा जास्त ओढ दिसली तर कार्बोरेटर इंजिनाला आवळतोय. शून्यावर काटा पडला तर कार्बोरेटर गरजेपेक्षा मोठा. १.२ म्हणजे ६०० पुरतोय, प्लेटसकट पुरतोय. एप्रिलमधला ४९२चा हिशोब रस्त्याने खरा ठरवला. (दोन तोंडांचे कार्बोरेटर तीन इंचांवर मोजतात, म्हणून त्यांचा ५०० आणि चार तोंडांचा ५०० एक नव्हेत. चार तोंडांच्या मापाने तो साडेतीनशेच्या आसपास येतो.)

म्हणजे माझं काम इथे संपायला हरकत नव्हती. ज्याच्याकडे चारही भोकं सारखी असलेला मॅनिफोल्ड आहे आणि जुना क्वाड्राजेट नाही, त्याने ६०० किंवा ६५० घ्यावा आणि गाडी चालवावी. माझ्या अडचणी वेगळ्या होत्या: प्लेट, ती पायरी, आणि एअर क्लीनर बॉनेटला टेकत होता. शिवाय ट्रंकमध्ये एक खोका होता.

१ जून

खोका ऑक्टोबरपासून मागे पडून होता. जुन्या टी-शर्टात गुंडाळलेला क्वाड्राजेट. डाव्या बाजूला उभ्या कोरलेल्या नंबरची सुरुवात ७०२८ने. ७०२ म्हणजे साठचं दशक, ८ म्हणजे १९६८. शेवटचा आकडा सम, म्हणजे ऑटोमॅटिकसाठीचा. या वर्षाचा, या गिअरबॉक्सचा कार्बोरेटर. गाडीबरोबरच आलेला असावा असं वाटून मी तो हातात धरून बराच वेळ उभा होतो.

कागदावर हा ७५० सीएफएमचा, ८५०पेक्षा फार लहान नाही. पण रचना बघा. प्रायमरी व्हेंच्युरी १ पूर्णांक ३/३२ इंच, दोन्ही मिळून दोन चौरस इंचांच्याही आत. ८५०च्या निम्मं क्षेत्रफळ, म्हणजे तेवढ्याच हवेला दुप्पट वेग. मागची दोन तोंडं, म्हणजे सेकंडरी, सव्वादोन इंची, आणि त्यांच्यावर एक झडप. इंजिन जेवढी हवा मागेल तेवढीच ती झडप उघडते. हळू चालवताना लहान कार्बोरेटर, पूर्ण दाबल्यावर मोठा. माझ्या मॅनिफोल्डवर प्लेटशिवाय बसतो, मूळ चोकची दांडी लागते, एअर क्लीनर बॉनेटखाली मावतो.

उघडला. प्रायमरीचा थ्रॉटल शाफ्ट बोटाने हलवला तर वरखाली खटखट. छप्पन्न वर्षांत अ‍ॅल्युमिनियमचं भोक लांबट झालं होतं. फ्लोट जुना, पेट्रोल पिऊन जड झालेला. पंपाचं रबर वाळून कडक.

मुख्य भाग साफ करून त्यात पेट्रोल भरलं आणि रात्रभर कोरड्या कागदी टॉवेलवर ठेवला. सकाळी टॉवेलवर नाण्याएवढे दोन ओले गोल. तळाशी बुचं असतात, ती पाझरत होती. गाडी आठ दिवस उभी राहिली की पेट्रोल तिथून मॅनिफोल्डमध्ये उतरतं आणि मग स्टार्टर मारत बसायचं. बुचं घासून पेट्रोलला टिकणारा इपॉक्सी लावला, एक दिवस वाळवला, पुन्हा रात्रभर टॉवेलवर. कोरडा.

८ जून

शाफ्टला पितळी बुश बसवले. किट आणि रीमर ४१ डॉलर. पहिलं भोक केसभर तिरकं गेलं आणि शाफ्ट अडकायला लागला. ड्रिल प्रेस बंद करून रीमर हाताने फिरवत, दर दोन फेऱ्यांनी शाफ्ट घालून बघत तीन तास काढले. दुसऱ्या बाजूला सुरुवातीपासून हातानेच केलं, चाळीस मिनिटांत झालं.

किट आणि फ्लोट ६२, सफाईचं रसायन ३३. पंपाच्या स्क्रूखालची छोटी गोळी काढून ट्रेमध्ये ठेवली होती, ती घरंगळून गेली. दोन तास टॉर्च घेऊन शोधली, शेवटी लेकीला वॉशिंग मशिनच्या पायाशी सापडली. गोळ्या आणि क्लिपा झाकणाच्या डबीत ठेवा.

२२ जून

बसवला. चालू केला. तीस सेकंदांत घशातून पेट्रोल वाहू लागलं, इंजिन गुदमरून बंद.

प्रेशर साडेपाच. पेट्रोल अडवणारी नवी सुई, नवा फ्लोट, माप किटच्या कागदाबरहुकूम. दोनदा झाकण काढलं, दोनदा तेच. रात्री आजोबा आले, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी फ्लोटच्या हातावरची तारेची बारीक क्लिप बघितली आणि नुसतं बोट ठेवलं.

फ्लोटच्या हाताला दोन भोकं असतात. बघणाऱ्याला वाटतं की सुईची क्लिप त्यांतूनच ओवायची. मी तशीच ओवली होती. तिथे ती सुईला तिरकी ओढते आणि सुई बसकणीवर नीट टेकत नाही. क्लिप भोकांत न ओवता हाताच्या कडेवरून अडकवायची असते. पाच सेकंदांचं काम. पुन्हा बसवला, चालू केला, पेट्रोल आतच राहिलं.

२९ जून ते ६ जुलै

आयडलिंग सुरेख, व्हॅक्यूम १६. हळू चालवताना ६००पेक्षाही मऊ. पण पूर्ण दाबल्यावर जोरच नाही. सेकंडरी उघडतच नसल्यासारखं. मी आठवडाभर मीटरिंग रॉडचे (जेटमधलं पेट्रोल कमी-जास्त करणाऱ्या सळ्यांचे) तक्ते वाचत बसलो.

मग बायकोला सीटवर बसवून पेडल तळापर्यंत दाबायला सांगितलं आणि मी वरून टॉर्च मारला. "दाबलंय का पूर्ण?" "अहो, जमिनीला लागलंय." आणि वर बटरफ्लाय दोन तृतीयांशच उघडलेले. पेडलपासूनची जोडणी होलीसाठी बदललेली होती, ती तशीच राहिलेली. मूळ भोकात पिन घातली. तरी सेकंडरी हलेना. चोक पूर्ण उघडल्याशिवाय सेकंडरीला अडवणारी एक कडी असते. माझ्या चोकची दांडी थोडी लांब होती, त्यामुळे इंजिन गरम झालं तरी कडी सुटत नव्हती. दांडी किंचित वाकवली, कडी सुटली.

आठ दिवस तक्त्यांत शोधलं ते दोन मिनिटांत टॉर्चने दिसलं.

आता उघडतात, पण एकदम उघडतात आणि गाडी पुन्हा बसते. दोन गोष्टी. एक, झडपेची स्प्रिंग ढिली होती. बाजूचा बारीक अ‍ॅलन स्क्रू सोडून, स्प्रिंग नुसती टेकेल तिथून पाऊण फेरी घट्ट केली. दोन, चोक पुल-ऑफचा, म्हणजे व्हॅक्यूमवर चालणाऱ्या छोट्या डबीचा, पडदा फुटलेला. झडप किती हळू उघडायची ते हीच डबी ठरवते. नवी २९ डॉलर. आता पेडल दाबलं की आधी पुढचा आवाज, मग सेकंदाभरात मागून तो खोल घुमणारा आवाज, आणि मध्ये कुठेही खाच नाही.

पूर्ण पेडलला ५०००वर व्हॅक्यूम ०.७.

१३ जुलै

प्लगच्या रंगावरून अंदाज करण्याऐवजी एक्झॉस्टमध्ये वाइडबँड सेन्सर, म्हणजे हवा आणि पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा, टाकला. मीटर २१०, पाइपला बंग (सेन्सर बसवायची बैठक) वेल्ड करून घ्यायला ६०. महाग आहे. पण मे महिन्यातच घेतला असता तर ८५०चे तीन दिवस आणि ७१ डॉलर वाचले असते.

सरळ रस्त्यावर १२.९ (वजनाने एक भाग पेट्रोलला १२.९ भाग हवा), म्हणजे पेट्रोल जास्त. इथल्या पंपावरच्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं. त्याचा पूर्ण ज्वलनाचा आकडा साध्या पेट्रोलच्या १४.७ऐवजी १४.१च्या आसपास येतो, हे लक्षात ठेवून मीटर वाचा. प्रायमरी रॉड दोन नंबर जाड टाकले: १३.९. पूर्ण पेडलला ११.५ होतं. सेकंडरीचे रॉड बदलायला झाकण उघडावं लागत नाही. वरचा एक स्क्रू सोडायचा, दोन्ही रॉड हँगरसकट वर उचलायचे, दुसरे टाकायचे. रस्त्याच्या कडेला उभं राहून तीन जोड्या लावून बघितल्या. तिसरीला १२.६, आणि ती ठेवली. रॉड एकूण ४४ डॉलर.

२७ जुलै

बाहेर ३३ अंश. पेट्रोल भरायला थांबलो, दहा मिनिटांनी गाडी सुरूच होईना. कार्बोरेटरमधलं पेट्रोल उकळून वर आलं होतं. मॅनिफोल्डच्या पोटातून एक्झॉस्टची गरम वाट जाते, नेमकी कार्बोरेटरच्या खाली.

ती वाट पत्र्याने बंद करावी, असं बरेच जण सांगतात. मी केली नाही, कारण माझ्या चोकची कमान मॅनिफोल्डवरच्या खळग्यात बसते आणि त्याच उष्णतेने उघडते. वाट बंद केली तर चोक मिटलेलाच राहणार आणि मग सेकंडरीची ती कडीही सुटणार नाही. त्याऐवजी पाव इंच जाडीचं उष्णता अडवणारं पॅकिंग आणि लांब स्टड टाकले, १९ डॉलर. बॉनेटवर मातीचा गोळा ठेवून झाकलं आणि चेपलेली माती मोजली, अजून अर्धा इंच जागा आहे.

१८ ऑगस्ट, रविवार

काल वुडवर्ड ड्रीम क्रूझ. वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर दर ऑगस्टात जुन्या गाड्या निघतात. फर्नडेलपासून पॉन्टियॅक शहरापर्यंत रांगच रांग. साडेचार तास, बहुतेक वेळ ताशी दहा मैलांनी, थांबत थांबत. एकदाही बंद पडली नाही, दोनदा मुद्दाम बंद करून पंधरा मिनिटांनी सुरू केली, पहिल्या स्टार्टरला. परतताना मोकळ्या रस्त्यावर मोजलं: गॅलनला १३ मैल, लिटरला साडेपाच किलोमीटर.

एकूण ७०१ डॉलर आणि शनिवार-रविवार धरून सव्वीस दिवस. ८५० एकाला ३२० डॉलरला दिला. त्याचं इंजिन ४५५ घन इंचांचं आहे, कॅमही शर्यतीचा आहे, त्याच्याकडे तो शोभेल. १४०६ धुऊन, नव्या पॅकिंगसकट आजोबांना परत केला.

आज प्लग काढून बघितले. सात फिकट तपकिरी, सातव्या सिलिंडरचा मात्र अजून काळसर आणि थोडा तेलकट. कॉम्प्रेशन इतरांइतकंच आहे, त्यामुळे संशय व्हॉल्व्ह गाइडच्या सीलवर. ते काम थंडीत, गाडी उभी असताना. तोवर दर पंधरा दिवसांनी एकदा चालू करायची, कारण क्वाड्राजेटचं फ्लोट चेंबर लहान असतं आणि त्यातलं पेट्रोल उडून जातं.